व्हिक्टोरियन इंग्लंडमधलं खेडं कशावर जगत होतं?

तुम्ही लिहिलंय की एका इंग्लिश पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची) 1851 ची जनगणना वाचायला घेतली आणि पानामागून पान उलटलं, तरी पुरुषांच्या नावापुढे ‘एजी. लॅब.’ एवढंच, म्हणजे शेतमजूर. बायकांच्या नावापुढची जागा बहुतेक कोरी. त्यावरून तुमचे दोन प्रश्न आहेत. या गावात शेतमजुरीखेरीज काहीच नव्हतं का? आणि मधूनच जे लोहार, सुतार, चांभार दिसतात, ते आपल्या बलुतेदारांसारखे होते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. नाही, तसे नव्हते. इंग्लिश लोहाराला पिकातला वाटा मिळत नसे आणि गावावर त्याचा वतनी हक्कही नसे. तो काम करी, वहीत मांडी आणि शेतकऱ्याला बहुधा वर्षातून एकदा, नाताळच्या सुमारास, बिल पाठवी. वर्षभराची उधारी पेलायची ताकद ज्याच्यात नव्हती तो बुडे. भट्टी बापाकडून मुलाकडे जाताना पुष्कळदा दिसते, पण जातीने ती कोणाला बांधलेली नव्हती. लोहाराचा मुलगा चांभाराकडे उमेदवारीला जाऊ शके, चांभाराचा मुलगा रेल्वेत. म्हणूनच या कारागिरांची संख्या दर दहा वर्षांनी वरखाली होताना दिसते.

पहिला प्रश्न मोठा आहे. बरीच वर्षं मी अशाच पॅरिशांची दप्तरं वाचतो आहे, आणि माझं ठाम मत झालंय की ‘शेतमजूर’ या नोंदीने इंग्लिश खेड्याबद्दल जितकी दिशाभूल केली तितकी दुसऱ्या कशाने केली नसेल. नोंद खोटी नाही. पण ती घरातल्या एका माणसाचं एका रात्रीचं उत्तर आहे, आणि ते घर एका माणसाच्या मजुरीवर चालतच नव्हतं.

आकडेच पाहा. जेम्स केअर्ड यांनी 1850-51 मध्ये इंग्लंडभर फिरून शेतीची पाहणी केली. त्यांच्या हिशेबाने शेतमजुराची सरासरी मजुरी आठवड्याला 9 शिलिंग 6 पेन्स होती. उत्तरेकडे 11 शिलिंग 6 पेन्स, दक्षिणेकडे फक्त 8 शिलिंग 5 पेन्स. दक्षिण विल्टशरमध्ये तर 7 शिलिंग. शिलिंग 12 पेन्सचा आणि पौंड 20 शिलिंगांचा, हे ध्यानात ठेवा. उत्तरेत मजुरी जास्त, कारण तिथे कोळशाच्या खाणी आणि कापडाच्या गिरण्या जवळ होत्या. मजुराला दुसरीकडे जाण्याची वाट होती, म्हणून शेतकऱ्याला दर वाढवावा लागे. डॉर्सेट, विल्टशर, डेव्हनमध्ये ती वाट नव्हती. डेव्हनमधल्या हॅल्बर्टनचे व्हिकर एडवर्ड गर्डलस्टोन यांनी 1866 पासून आपल्या भागातल्या शेकडो मजुरांना कुटुंबांसह उत्तरेकडच्या कामांवर पाठवायला सुरुवात केली. स्थानिक शेतकऱ्यांचा रोष पत्करून एका धर्मगुरूने हे करावं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

दक्षिणेतल्या या आठ शिलिंगांत पाच-सहा माणसं जगवायची. त्यातला सगळ्यात मोठा भाग पावात जाई. भाडं वेगळं. खिळे मारलेल्या बुटांच्या एका जोडाला आठवड्याच्या मजुरीहून जास्त पैसे पडत. पावसाने काम बंद राहिलं तर रोजंदारीवाल्याला त्या दिवसाचं काही मिळत नसे. मग घर चाले कसं?

काही अंशी सुगीवर. ऑगस्टमध्ये गहू कापायला आला की मजूर रोजंदारी सोडून अंगावर काम घेत. पूर्व इंग्लंडमध्ये कापणीवाल्यांची टोळी आपला एक म्होरक्या निवडी, त्याला ‘लॉर्ड’ म्हणत, आणि तो शेतकऱ्याशी साऱ्या सुगीचा सौदा ठरवी. सुगीच्या त्या पैशांतून वर्षाचं भाडं आणि बूट भागत. शेत रिकामं झालं की बायका-मुलं सरवा वेचायला उतरत. बऱ्याच गावांत त्यासाठी चर्चची घंटा होई. घंटेआधी कोणी शेतात पाय ठेवायचा नाही आणि संध्याकाळच्या घंटेनंतर थांबायचं नाही. 1788 मध्येच न्यायालयाने सांगितलं होतं की सरवा वेचणं हा कायद्याने मिळालेला हक्क नव्हे, तरीही प्रथा व्हिक्टोरियाच्या काळात जोमात चालू होती. वेचलेला गहू गिरणीत दळून आणला की हिवाळ्यात कित्येक आठवडे पिठाची चिंता नसे. आणि परसातलं डुक्कर. त्याच्या खाद्यासाठी जवाचं पीठ उधारीवर आणायचं आणि कापल्यावर अर्धं डुक्कर देऊन ती उधारी फेडायची, असेही व्यवहार होत.

आता हे ध्यानात घ्या: 1851 ची जनगणना 30 मार्चच्या रात्रीची आहे. सुगी नाही, गवतकापणी नाही, सरवा नाही. उन्हाळी कामाला येणारे आयरिश मजूर नाहीत, केंटमध्ये सप्टेंबरात हॉप (बिअरमध्ये घालायची फुलं) तोडायला लंडनहून येणारी कुटुंबं नाहीत. बायकांच्या शेतकामाचे बहुतेक महिने मोजणीतून सुटले आहेत.

पण बायकांचं खरं उत्पन्न अनेक ठिकाणी शेतात नव्हतंच, घरात होतं. या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक इतिहासांत तो एका वाक्यात उरकलेला असतो.

बेडफर्डशर, हर्टफर्डशर आणि बकिंगहॅमशरच्या काही भागात गव्हाच्या काडाच्या वेण्या विणत. ल्यूटन आणि डन्स्टेबलमध्ये त्या वेण्या शिवून टोप्या होत. काडी एका छोट्या हत्याराने उभी चिरायची, चिरलेल्या पट्ट्या तोंडात धरून ओल्या करायच्या, विणायच्या आणि शेवटी वेणी लाकडी रुळांतून काढून सपाट करायची. वेणी वीस यार्डांच्या मापाने विकली जाई. भाव चढा असला की हात चालणारी बाई शेतमजूर नवऱ्याइतकं मिळवी, कधी त्याहून जास्तही. चार-पाच वर्षांची पोरं ‘वेणीच्या शाळे’त बसत. शाळा म्हणजे एखाद्या बाईच्या झोपडीतली कोंदट खोली. आई आठवड्याला काही पेन्स देई आणि मुलाने दिवसाला ठरलेले यार्ड विणायचे. वाचन त्यात नावापुरतंच. हा धंदा नेपोलियनच्या युद्धांत फुगला, कारण इटलीहून येणारा माल अडला होता. 1870 नंतर चीनमधून आणि मागोमाग जपानमधून स्वस्त वेण्या यायला लागल्या आणि एका पिढीत तो बसला. त्या टापूतल्या एखाद्या पॅरिशची 1871 आणि 1901 ची पानं शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात घराघरात वेणीवाल्या आहेत, दुसऱ्यात शोधून काढाव्या लागतात.

लेसचंही तसंच. बकिंगहॅमशर, बेडफर्डशर, नॉर्थॅम्प्टनशरमध्ये उशीवर टाचण्या रोवून फिरक्यांनी लेस विणत. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे मांडून प्रकाश एकवटायचा आणि त्या प्रकाशात अनेकजणींनी काम करायचं. नॉटिंगहॅमच्या यंत्रांनी साधी लेस आधीच स्वस्त केली होती. डेव्हनमधला हॉनिटन लेसचा धंदाही असाच मोडकळीला आला होता. 1840 मध्ये राणीच्या लग्नाच्या पोशाखाची लेस मुद्दाम तिथल्या बीअर या किनाऱ्यावरच्या गावात करवून घेतली गेली. तेवढ्यापुरतं काम मिळालं आणि हॉनिटनचं नाव झालं, पण यंत्राशी स्पर्धा काही टळली नाही. डॉर्सेटमध्ये हाताने बटणं करणाऱ्या बायकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. शतकाच्या मध्याला बटणाचं यंत्र आलं, त्यांचं काम थोड्या वर्षांत गेलं आणि कित्येक कुटुंबांनी देश सोडला. वुस्टरशर, ऑक्सफर्डशर आणि यॉविलच्या आसपास बायका घरी हातमोजे शिवत. कापलेलं कातडं व्यापारी पाठवी आणि शिवलेले मोजे घेऊन जाई.

तेव्हा तुमच्या पानांवर बायकांपुढची जागा कोरी असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर त्या भागात असा घरधंदा नव्हता, किंवा मोजणी करणाऱ्याने बायकांना तो विचारला नाही. शेजारच्या पॅरिशची त्याच वर्षाची पानं उघडा. तिथे लेसवाल्या दिसल्या आणि तुमच्याकडे एकही नसली, तर संशय मोजणी करणाऱ्यावर घ्या.

मुलींचं आणखी एक सांगायला हवं. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलगी मोलकरीण म्हणून बाहेर पडे. आधी जवळच्या शेतकऱ्याकडे, मग शहरात. घरकामाचे नोकर ही 1851 च्या जनगणनेतली शेतमजुरांखालोखालची सगळ्यात मोठी कामकरी फळी होती. म्हणून मजुरांच्या घरांत पंधरा ते वीस वयाच्या मुली कमी दिसतात. त्या शहराच्या पानांवर, दुसऱ्याच्या घरात, नोकर म्हणून आहेत आणि जन्मस्थानाच्या रकान्यात तुमच्या गावाचं नाव आहे.

आता कारागिरांकडे येऊ. तीन-चारशे वस्तीच्या पॅरिशमध्येही लोहार, सुतार, चांभार, शिंपी, गिरणीवाला, दुकानदार आणि दारूगुत्तेवाला बहुधा सापडतात. चांभार सगळ्यात जास्त, कारण सगळ्यांनाच बूट लागत. एक माणूस दोन-दोन धंदे करी: गुत्त्याचा मालक सुतारही असे, चांभार चर्चचा कारकून असे, दुकानात टपाल असे. जनगणनेत त्यातला एकच धंदा येतो.

या सगळ्यांत मला गाड्या करणारा सुतार, व्हीलराइट, याच्याबद्दल विशेष आदर आहे. चाकाचा तुंबा एल्मचा, कारण एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि आरे ठोकताना तो फाटत नाही. आरे ओकचे, तेही करवतीने न कापता तंतूंच्या रेषेत फोडून काढलेले, म्हणजे ओझ्याखाली मोडत नाहीत. पाठ्या अ‍ॅशच्या, कारण अ‍ॅश धक्का सोसतं. लाकूड उभ्या झाडावरच पारखून घ्यायचं. ते खड्ड्यावर आडवं ठेवून एकाने वर उभं राहून आणि एकाने खाली खड्ड्यात उतरून कापायचं. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. मग फळ्या वर्षानुवर्षं वाळत ठेवायच्या. ढोबळ हिशेब इंचाला एक वर्षाचा. म्हणजे आज विकत घेतलेल्या झाडाचे पैसे अनेक वर्षांनी परत यायचे, आणि शेतकरी बिल चुकवणार ते नाताळात. शेवटी लोहार लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवी, दोघा-तिघांनी ती चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसली की सारे सांधे करकचून बसत. याच सुताराकडे गाव शवपेटीही करवून घेई. मृत माणूस निराधार असला तर तिचा खर्च गरिबांसाठीच्या करातून होई.

गिरणीवाल्याची गोष्ट दुःखाची आहे. 1880 नंतर बंदरांवर पोलादी रुळांच्या मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. आयात गहू तिथेच दळला जाऊ लागला आणि लोकांना ते पांढरं पीठ आवडलं. गावची पाणचक्की किंवा पवनचक्की मग जनावरांचं धान्य भरडण्यापुरती उरली.

आता मूळ मुद्दा. एका गावात एवढे कारागीर, तीन मैलांवरच्या दुसऱ्या गावात जेमतेम लोहार, असं का? याचं उत्तर जमिनीच्या मालकीत आणि गरिबांसाठीच्या करात आहे. पॅरिश हे चर्चचं क्षेत्र होतंच, पण कारभाराचं एककही होतं. करदात्यांची सभा, वेस्ट्री, रस्ते पाही, गरिबांवर देखरेख करणारे नेमी आणि कर बसवी. 1662 च्या कायद्यापासून गरीब माणूस ज्या पॅरिशचा ‘रहिवासी’ ठरे, त्या पॅरिशने त्याला पोसायचं, हे पक्कं झालं होतं. 1834 च्या नव्या कायद्याने अनेक पॅरिश मिळून एक युनियन केलं आणि युनियनचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घ्यायची जागा, बांधायला लावलं, तरी आपापल्या गरिबांचा खर्च 1865 पर्यंत मुख्यतः आपापल्या पॅरिशवरच राहिला.

त्याचा परिणाम फार कठोर झाला. सारी जमीन एका-दोघांच्या हाती असेल तर ते नवी घरं बांधूच देत नसत, जुनी पडली तर पडू देत. घर नाही म्हणजे मजूर नाही, मजूर नाही म्हणजे कर नाही. अशा गावाला ‘क्लोज’ म्हणत. ते टापटीप, शांत, आखीव. त्याच्या शेतांवर राबणारे लोक शेजारच्या ‘ओपन’ गावात, छोट्या मालकांनी भाड्यासाठी उभारलेल्या गच्च खोल्यांत राहत आणि रोज तीन-चार मैल चालत कामाला जात. नॉरफोकमधलं कॅसल एकर हे ओपन गाव म्हणून आणि तिथून निघणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध झालं होतं. बायका आणि लहान मुलांना मुकादम दूरच्या शेतांवर खुरपणीला आणि दगड वेचायला नेई. हे इतकं वाढलं की 1867 मध्ये कायदा करावा लागला: अशा टोळीत आठ वर्षांखालचं मूल नको, बायका आणि पुरुष एका टोळीत नकोत, मुकादमाला परवाना हवा.

पण याच ओपन गावात चांभार, शिंपी, छोटे दुकानदार आणि मालाचा गाडीवाला जमत, कारण कोणा जमीनदाराची परवानगी लागत नसे. 1830 च्या कायद्याने दोन गिनींत (गिनी 21 शिलिंगांची) बिअर विकायचा परवाना मिळू लागला होता, त्यामुळे बिअरची घरंही तिथेच. आणि मेथडिस्टांची, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाची, चॅपलं (प्रार्थनाघरं). चर्चमध्ये जमीनदार पुढच्या बाकावर आणि मजूर मागे. चॅपलमध्ये मात्र मजूर स्वतः उभा राहून प्रवचन करी. सभेत बोलणं, वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं हे तो तिथे शिकला. वॉरिकशरमधल्या बारफर्डचे जोसेफ आर्च कुंपणाची झुडपं छाटणारे कसबी मजूर होते आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचे प्रवचनकारही. 7 फेब्रुवारी 1872 ला वेल्सबर्नच्या चेस्टनटच्या झाडाखाली त्यांनी मजुरांची सभा घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढल्या वर्षी ऑक्सफर्डशरमधल्या अ‍ॅस्कॉट-अंडर-विचवुड इथे संपातल्या मजुरांच्या जागी आणलेल्यांना अडवलं म्हणून सोळा बायकांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. दोघींच्या कडेवर तान्ही मुलं होती. शिक्षा देणारे दोन्ही मॅजिस्ट्रेट धर्मगुरू होते. हॅल्बर्टनचे गर्डलस्टोन आणि हे दोघे एकाच चर्चचे, म्हणून ‘गावचा धर्मगुरू कसा होता’ याला एक उत्तर देऊ नका.

1884 मध्ये गावच्या घरमालकाला आणि भाडेकरू मजुराला मत मिळालं, 1885 मध्ये आर्च संसदेत गेले. पण तोवर शेतीचाच पाया हलला होता. 1879 चा उन्हाळा पावसात गेला आणि पीक कुजलं. एरवी तुटवडा झाला की भाव चढे. या वेळी अमेरिकेचा गहू आला आणि भाव चढलेच नाहीत. मुंबई आणि कराचीहून जाणारा हिंदुस्थानी गहूही त्या बाजारात होता. 1877 मध्ये क्वार्टरला (धान्याचं आठ बुशेलचं माप) 56 शिलिंगांच्या वर असलेला गहू 1894 मध्ये 22 शिलिंग 10 पेन्सवर आला. नांगराखालची जमीन गवताखाली गेली, माणसं कमी लागू लागली, तरुण रेल्वेत, पोलिसांत, शहरांत आणि कॅनडा-न्यूझीलंडला गेले. शेतकरी गाडी करून घेईना तेव्हा सुताराने काय करायचं? त्याची मुलंही गेली.

तुमच्या पुढच्या कामासाठी थोडं. 1836 च्या कायद्यानंतर बनलेला टाइद (चर्चला द्यायचा दशांश) नकाशा आणि त्याची यादी आधी काढा. प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा, क्षेत्र आणि जमिनीचा वापर त्यात आहे, म्हणजे गाव ओपन की क्लोज हे एका बैठकीत कळेल. केलीसारख्या व्यापारी डिरेक्टऱ्यांतून धंदेवाल्यांचे जोडधंदे सापडतील, मजूर मात्र त्यांत नाहीत. अनुदान घेणाऱ्या शाळांना 1862 नंतर रोजनिशी ठेवणं भाग होतं. ती नक्की वाचा. पक्षी हाकलायला, बटाटे काढायला, सरवा वेचायला मुलं गेली म्हणून वर्ग रिकामा, हे मास्तर वैतागून लिहितात, आणि 1880 मध्ये दहा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं झाल्यावरही लिहितात. मुलांचं काम नेमकं कुठल्या आठवड्यात चाले, हे त्याहून चांगलं दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

आणि 1851 च्या त्याच पानांवर मुलांच्या जन्मस्थानांचा रकाना ओळीने वाचा. थोरला एका पॅरिशमध्ये जन्मलेला, मधली दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, असं दिसलं तर तो बाप दर मायकेलमसला (29 सप्टेंबरच्या सणाला) नवं काम शोधत फिरणारा आहे. सगळी मुलं एकाच गावची आणि शेजारच्या घरात आजी असेल, तर त्या घराचं उत्पन्न कुठून कुठून येई, हे आधी त्या आजीच्या ओळीवरून शोधायला लागा.